धुतलेली सुरी

परवापासून वारा पश्चिमेकडून यायला लागला आहे. खिडकीच्या फटीतून आधी त्याचा आवाज येतो आणि आवाजामागून वास. इथले लोक खिडकी उघडतात, छाती भरून घेतात आणि म्हणतात, ताजी हवा. मला त्या हवेत सडकं शेवाळ, बोटींचं डिझेल आणि कुठेतरी वाळूत उताणं पडलेलं काहीतरी, एवढंच येतं. ऑक्टोबर लागला की माझं नाक असं पुढे धावतं. अजून फोन वाजलेला नसतो, गाडी निघालेली नसते, पण मी घरी मेथी निवडतानाही तोंडाने श्वास घ्यायला लागते.

हे गाव जर्मनीच्या उत्तरेला, समुद्राकाठी. मराठी माणसं या देशात पुष्कळ आहेत, पण ती सगळी खाली दक्षिणेत. नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात, नाहीतर म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला कॉम्प्युटरसमोर. इथे आम्ही तिघं. हे एका भारतीय हॉटेलात तंदूर सांभाळतात. मुक्ता, आमची मुलगी, शाळेत जाते. आणि मी, किनाऱ्यावर वाहून आलेले डॉल्फिन आणि देवमासे जिथे चिरून तपासतात त्या संस्थेत धुण्यापुसण्याचं काम करते. टेबलं, फरशी, बादल्या, सुऱ्या. मुक्ता मैत्रिणींना सांगते, माझी आई फोर्शुंगमध्ये आहे, म्हणजे संशोधनात. मी काही बोलत नाही. माझ्या जॅकेटजवळ ती स्वतःचं जॅकेट टांगत नाही, हेही मी बोलत नाही.

माशाचा वास वेगळा, हा वेगळा. हे मासे नव्हेतच. यांचं रक्त आपल्यासारखं गरम, यांच्या बायांना दूध येतं. कातडीखाली चार बोटं जाड चरबी असते. मेल्यावर ती चरबी आतल्या मांसाला गोधडीसारखी ऊब देत राहते आणि आतलं सगळं त्या उबेत आंबतं. पोटावर पहिला छेद गेला की एक उसासा येतो. खरंच उसासा, माणसाने टाकावा तसा. त्या उसाशाबरोबर जे बाहेर येतं ते केसांच्या मुळाशी जाऊन बसतं. मी केसांना लिंबू लावते, हातांना कॉफीचा चोथा चोळते, नाकाखाली बाम लावते. शेवटी लिंबू, कॉफी आणि बाम या तिन्हींचा वास आल्यावर मला मेलेला डॉल्फिन आठवायला लागला. एकदा बसमध्ये शेजारच्या आजीबाई उठून मागे जाऊन बसल्या. मला राग आला नाही. मीही उठले असते.

सर्वांत जास्त येतात ते छोटे, माणसाच्या उंचीचे, बोथट तोंडाचे. त्यांना इथे श्वाइन्सवाल म्हणतात. पहिल्या दिवशी घरी येऊन मी मुक्ताला शब्द विचारला. ती हसून हसून खाली बसली. "श्वाइन म्हणजे डुक्कर, वाल म्हणजे व्हेल. डुक्करमासा, ममा! आणि तू त्याला आंघोळ घालतेस!" त्याच्या तोंडाची रेघच अशी आहे की मेल्यावरही तो हसतोय असं वाटतं. डोळे पक्ष्यांनी खाल्लेले असतात, पोट हिरवं पडलेलं असतं आणि वर ते हसू. मला सगळ्यात किळस त्या हसण्याची येते.

आणि शेवयांची. श्वाइन्सवालची श्वासनळी उघडली की आत पुष्कळदा जंत असतात. पांढरे, ओले, एकमेकांत गुंतलेले, वाटीभर शिजलेल्या शेवयांसारखे. प्राणी ताजा असला तर काही हलतही असतात. तेव्हापासून आमच्या घरात शेवयांची खीर झालेली नाही. हे दर पाडव्याला विचारतात. मी सांगते, चांगल्या शेवया मिळत नाहीत. आणि हे सगळं चिरून, मोजून, लिहून झालं की अर्ध्या तासाने तीच माणसं बाहेर बाकावर बसून पावातला खारवलेला कच्चा मासा कांद्याबरोबर खातात. मलाही देतात. चांगल्या मनाची आहेत. मी चहाचा कप घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

रक्ताची मला भीती नाही. माझे वडील खाटीक. माण तालुक्यात, बाजाराच्या गावी आमचं दुकान होतं. ताज्या रक्ताला वास असतो, घाण नसते. तापलेल्या पत्र्यावर पाणी टाकल्यावर येतो तसा वास. चौथीपर्यंत मी शाळेत शेवटी एकटी बसायचे, कारण माझ्या दप्तराला वास येतो असं मुली म्हणायच्या. दप्तर धुतलं तरी म्हणायच्या. काही वास दप्तरात नसतात, म्हणणाऱ्याच्या नाकात असतात, हे तेव्हाच कळलं. इथला वास मात्र खरा आहे. इथे कुणी उठून मागे गेलं तर मला त्यांचा हेवा वाटतो, कारण मला उठून जाता येत नाही.

शर्वरी मला भेटली ती या वासामुळेच. मी चिरफाडीच्या हॉलच्या नाल्या घासत होते आणि स्वतःशी म्हणत होते, शी, शी, शी गं बाई. मागून आवाज आला, "काकू, मराठी?"

मागे पांढऱ्या बुटांतली, केस टोपीत कोंबलेली एक मुलगी उभी होती. सांगलीची, पीएच.डी. करायला आलेली. मला इतकी लाज वाटली की हातातला पाइप तिच्याच अंगावर वळला. ती भिजली आणि हसली. "वर्षभरात इथे ऐकलेला पहिला मराठी शब्द शी! मस्त. आणि अगदी बरोबर."

त्यानंतर ती दुपारी माझ्या धुण्याच्या खोलीत डबा घेऊन यायची. मी कमी बोलते. तिला ते चालायचं, कारण ती दोघींपुरतं बोलायची. एकदा मी विचारलं, एवढे मासे कापून तुला काय मिळतं? म्हणाली, "मी कापत नाही काकू, मी वाचते. आल्झो, तर बघा, विषाणू म्हणजे एक चिठ्ठी समजा. लिहायला अक्षरं चारच, पण पंधरा-सोळा हजार वेळा लिहिलेली. एका प्राण्यातून दुसऱ्यात जाताना ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा उतरवली जाते आणि उतरवताना कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. त्या चुकांवरून मी सांगते, कुणाचा आजार कुणाकडून आला."

"चारच अक्षरं? मग मला जमेल. चौथी झालीय माझी."

"गेनाऊ, अगदी! उद्यापासून या. माझ्या प्रोफेसरबाई खूश होतील."

हा विषाणू कसला, तर गोवराच्या भाऊबंदांतला. हे ऐकून मी हातातला घास खाली ठेवला. आमच्याकडे गोवर आला की दाराला कडुलिंब बांधायचे, घरात फोडणी बंद व्हायची, बाहेरून आलेल्याला उंबऱ्यावरच पाय धुवायला लावायचे. माझ्या धाकट्या भावाला आला तेव्हा आई त्याच्या अंगावरून कडुलिंबाची डहाळी फिरवत बसायची. नखाने खाजवू नये म्हणून त्याचे हात तिने मऊ फडक्यात बांधले होते. तो वाचला. या प्राण्यांना ताप चढतो, फुप्फुसं भरतात, डोकं चालेनासं होतं, दिशा कळत नाही, आणि ते उथळ पाण्यात येऊन वाळूत रुततात. इतक्या मोठ्या समुद्रात गोवर येतो आणि बाहेरून आलेल्याला अडवायला उंबरठा नाही, असं मनात आलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला टेबलावरच्या प्राण्याची किळस जरा कमी आली. एकच दिवस. दुसऱ्या दिवशी आलेला आठवडाभर उन्हात पडलेला होता.

तो ऑक्टोबर मात्र निराळा होता. चार वर्षं झाली. तीन दिवस वादळ चाललं. चौथ्या दिवशी सकाळी एक श्वाइन्सवाल मादी आली, अगदी ताजी. तिचं फुप्फुस हातात जड लागत होतं, ओल्या चादरीच्या पिळ्यासारखं. शर्वरीने ते बघितलं आणि गप्प झाली. ती गप्प झाली की आजार सापडलाय समजायचं.

ते काम संपत आलं तेवढ्यात फोन आला, किनाऱ्यावर आणखी एक आहे, मोठा. गाडीबरोबर जायला माणूस कमी होता म्हणून फ्राऊ पेटरसेननी मला घेतलं. फ्राऊ पेटरसेन म्हणजे आमच्या हॉलच्या प्रमुख, साठीच्या, बोलणं मोजकं, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. वाळूवर पांढऱ्या चोचीचा डॉल्फिन पडला होता, आमच्या कपाटापेक्षा लांब. अशा जातीचा क्वचितच येतो. भोवती माणसं. एक गृहस्थ त्याच्या पाठीवर हात टेकून, अंगठा वर करून फोटो काढून घेत होता. एका बाईचा कुत्रा त्याच्या शेपटीशी चाटत होता आणि ती कौतुकाने बघत होती. आणि तोंडाशी रक्त होतं, कारण आम्ही पोचायच्या आधी कुणीतरी पकडीने त्याचे दोन दात उपटून नेले होते. फ्राऊ पेटरसेन ओरडल्या तेव्हा सगळे मागे सरले, पण कुणाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. सडलेल्या चरबीने मला जेवढं मळमळत नाही तेवढं त्या पकडीच्या खुणांनी मळमळलं. अंगठेवाला जाताना हात नाकाला लावून म्हणाला, छी.

दुपारी डॉल्फिन टेबलावर चढला. आणि धारेच्या सुऱ्या नव्हत्या.

नियम सोपा आहे. एका प्राण्याला वापरलेली सुरी माझ्याकडे येते. मी ती धुते, मग ती वाफेच्या भट्टीत जाते, तिथे तापून तिच्यावरचं उरलंसुरलं सगळं मरतं आणि तुटतं, आणि मगच ती दुसऱ्या प्राण्याला लागते. पहिल्याच दिवशी फ्राऊ पेटरसेननी माझ्यासमोर दोन चकचकीत सुऱ्या धरून विचारलं होतं, यातली स्वच्छ कुठली? मी म्हटलं, दोन्ही. त्या म्हणाल्या, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

त्या दुपारी भट्टी चालू होती आणि उघडायला वेळ होता. ट्रेमध्ये शुद्ध केलेल्या दोन सुऱ्या उरल्या होत्या, दोन्ही बोथट. या चरबीत धार दहा मिनिटांत जाते. बोथट सुरीने चिरणं मला बघवत नाही. वडील म्हणायचे, बोथट सुरी मेलेल्यालाही दुखवते. सकाळच्या मादीला लागलेली एक चांगली सुरी माझ्या बेसिनमध्ये होती. मी ती साबणाने, कढत पाण्याने तीनदा धुतली. मग लोखंडी सळईवर वडिलांसारखी दोन्ही बाजूंनी ओढली, नखावर धार बघितली आणि ट्रेमध्ये ठेवली. दुकानात आमचं असंच चालायचं. एक बोकड झाला की सुरी धुवायची, पुसायची, पुढचा.

"काकू, काय धार आहे!" शर्वरी टेबलाजवळून म्हणाली. "लोण्यातून जातेय!" प्रोफेसरबाईही वळून हसल्या. बाहेरून आलेले दोन पाहुणे होते, विद्यार्थी होते, सगळे माझ्याकडे बघत होते. शर्वरीने मराठीतच विचारलं, "भट्टीतून काढलेली ना?"

मी मान हलवली. हो.

नाही म्हणायला एकच शब्द लागला असता, तोही माझ्या भाषेत. पण नाहीच्या मागे का आलं असतं, सगळं काम थांबलं असतं, एवढ्या डोळ्यांपुढे मला उभं राहावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर ते कौतुक मला गोड लागलं होतं. फुप्फुसाचा तुकडा घेताना पाकिटातलं नवं पातं फोडायचं असतं, मोठी सुरी वापरायची नसते. हे शर्वरीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या दिवशी ती त्याच सुरीने पुढे गेली. लोण्यातून जात होती ना.

डिसेंबरात एका रविवारी ती दुपारी आमच्याकडे आली. हातात डबा, डब्यात तिने स्वतः आटवलेल्या दुधाचे पेढे. दारातच ओरडली, "सापडला! दोघांत सापडला!" यांना नमस्कार केला, मुक्ताला मिठी मारली. डॉल्फिनच्या फुप्फुसातही तोच विषाणू निघाला होता. एका जातीतून दुसऱ्या जातीत गेलेला, आमच्याच किनाऱ्यावर, आणि दाखवून देणारी ती. मार्चमध्ये मोठ्या परिषदेत बोलायला बोलावलं होतं. प्रोफेसरबाई तिचा फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, दोन वर्षांनी वाढवणार होत्या. नाहीतर उन्हाळ्यात तो संपत होता आणि तिला सांगलीला परत जावं लागणार होतं.

"डॉल्फिनमधला जरा फिकट आलाय, थोडासाच," ती म्हणाली, "पण आहे. आणि काकू, चिठ्ठी हुबेहूब! एकही अक्षर वेगळं नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही!" आणि तिने माझ्या तोंडात पेढा घातला.

तीच म्हणाली होती, उतरवताना कुठेतरी एखादं अक्षर चुकतंच. दोन बायकांनी एकाच पिठाची भाकरी केली तरी दोन भाकरी सारख्या होत नाहीत. सारखी दिसली तर समजावं, एकच भाकरी दोन ताटांत फिरली आहे. पेढा तोंडात विरघळेना. वेलदोड्याच्या मागून मला त्या फुप्फुसाचा वास आला, ओल्या चादरीचा. मी न्हाणीघरात जाऊन थुंकले आणि नळ मोठा सोडला.

ती गेल्यावर मी घरात सांगितलं. हे पेढा खात होते. "अगं, मेलेला मासा. त्याला गोवर होता का कांजिण्या, कुणाचं काय अडलंय?"

"तिचं अडलंय."

"तिचं तर चांगलं झालंय ना? मग तू कशाला मध्ये? तुझी नोकरी गेली तर पोरीच्या शाळेच्या सहलीला मी तंदुरी कोंबडी देऊ का?"

मुक्ता मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "पापा, दास इस्ट आबर फाल्श." हे चूक आहे म्हणे.

"फाल्शवाली आली! आईचं जॅकेट आधी स्वतःच्या जॅकेटशेजारी लाव, मग शिकव." मुक्ता लाल झाली आणि उठून गेली. मला वाटलं होतं, ह्यांच्या लक्षात आलेलं नाही.

मंगळवारी मी शर्वरीला थंडपेट्यांच्या खोलीत गाठलं. सुरीचं सगळं सांगितलं, मान हलवल्याचंही. ती तुकड्यांच्या डब्या मोजत होती. मोजणं थांबलं.

"कुणाला बोललात?"

"घरी."

"अजून कुणाला?"

"नाही. शर्वरी, तो फुप्फुसाचा मोठा तुकडा ठेवलाय ना पेटीत? वरचं काढून टाकून आतून परत बघता येईल ना गं?"

"मला शिकवू नका, काकू." तिने एवढ्या हळू म्हटलं की मला आधी ऐकूच आलं नाही. मग म्हणाली, "आता कुणाला काही बोलू नका. मी बघते. जा तुम्ही. मी बघते."

मी वाट बघितली. ती डबा घेऊन यायची थांबली. जानेवारीत आमच्या कॉरिडॉरच्या भिंतीवर मोठा रंगीत कागद लागला. त्यावरची भाषा मला वाचता येत नव्हती, वाचायची गरजही नव्हती. डावीकडे श्वाइन्सवालचं चित्र, उजवीकडे पांढऱ्या चोचीच्या डॉल्फिनचं, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा लाल बाण. तो बाण म्हणजे माझी सुरी. रोज सकाळी मी त्या कागदाखालची फरशी पुसायचे. लोक थांबून बघायचे, मान डोलवायचे आणि मी त्यांच्या बुटांभोवतून फडकं फिरवायचे.

त्या दिवसांत मला हॉलमधल्या घाणीचं काही वाटेनासं झालं. बादल्या ओतताना नाकही मुरडायचे नाही. किळस दुसरीकडे गेली होती. स्वतःच्या हातांची यायची, भाकरी थापतानाही. शर्वरी समोरून जाताना ज्या घाईने "हॅलो" म्हणायची त्या घाईची यायची. त्या डॉल्फिनचे दात पकडीने उपटून नेणारा आणि मी, दोघांनीही मेलेल्या जनावराकडून काहीतरी काढून घेतलं होतं. त्याने दात, आणि मी एक वाहवा. वर आम्ही त्याच्या नावावर एक आजारही लावून दिला, जो त्याला कधी नव्हता. तो कशाने मेला हे मग कुणी विचारलंच नाही. उत्तर मिळालं होतं ना.

फेब्रुवारीत मी मुक्ताला म्हटलं, मला चार वाक्यं जर्मनमध्ये नीट बसवून दे. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्यासमोर बसली. सुरी मी धुतली. भट्टीत घातली नाही. विचारल्यावर हो म्हटलं. कृपया पुन्हा तपासा. ती दर वाक्याला माझा शब्द दुरुस्त करायची आणि मी पुन्हा म्हणायचे. शेवटी ती मराठीत म्हणाली, "मी येऊ?" मुक्ता मराठीत क्वचितच बोलते. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी निघताना बघितलं तर तिचं जॅकेट माझ्या जॅकेटवर टांगलेलं होतं. मुद्दाम का घाईत, ते मी विचारलं नाही.

फ्राऊ पेटरसेन सुऱ्यांच्या कपाटाशी होत्या. मी तीन वाक्यं म्हटली आणि चौथं विसरले. त्यांनी चष्मा काढून वाट बघितली. चौथं मला मराठीतच आलं, "परत तपासा हो बाई." त्यांना ते कळलं.

"तो ऑक्टोबर होता," त्या म्हणाल्या. "आता फेब्रुवारी आहे."

"हो," मी म्हटलं.

"चूक एका दुपारची. उरलेली, चार महिन्यांची, तुमची आहे."

"हो."

त्यांनी मला काढलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक सुरीच्या मुठीला रंगीत पट्टी लागली, आणि पट्टी तपासल्याची सही फ्राऊ पेटरसेन स्वतः करतात. माझ्यावर विश्वास नाही म्हणून. ते बरोबरच आहे.

थंडपेटीतला तुकडा बाहेर काढला. वरचा थर नव्या पात्याने उतरवला, आतला कण घेतला, दोन वेगळ्या माणसांनी वेगळा तपासला. डॉल्फिनमध्ये काही नव्हतं. ना गोवर, ना त्याचा भाऊबंद. परिषदेतलं बोलणं रद्द झालं. शर्वरीच्या पेटीतले आधीचे सगळे तुकडेही पुन्हा तपासायचे ठरले, आणि तिचा प्रबंध वर्षभर लांबला. पण हे सगळं नंतरचं.

फ्राऊ पेटरसेनना सांगितल्यानंतरच्या सोमवारी मी आले तेव्हा भिंतीवरचा कागद काढलेला होता. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे डाग राहिले होते आणि फ्राऊ पेटरसेननी ते काढायला मलाच सांगितलं. मी पत्र्याच्या पट्टीने एकेक डाग खरवडत होते. गोंद बोटांना लागत होता, धूळ धरून काळा होत होता. शर्वरी येऊन शेजारी उभी राहिली. दीड महिन्यात पहिल्यांदा.

"फ्राऊ पेटरसेनना तुम्ही सुरीचं सांगितलंत," ती म्हणाली. "मग डिसेंबरात मला सांगितलं होतं, ते का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलं नाही."

"सगळ्यांना वाटतंय, मला आत्ता कळलं. प्रोफेसरबाई माझी समजूत घालतायत. म्हणाल्या, तुझी काही चूक नाही, पोरी." तिचे ओठ वाकडे झाले. "कॉफी करून दिली त्यांनी मला, काकू."

मी खरवडत राहिले. तिला वाचवावं असं मी ठरवलं नव्हतं. चारच वाक्यं बसवली होती आणि त्यात ती नव्हती. पण पाचवं वाक्य मुक्ताकडून मी मागितलं नव्हतं, हेही खरं. माझं अर्धं खरंही एक प्रकारे धुतलेल्या सुरीसारखंच होतं.

"माझ्यावर उपकार नका करू," शर्वरी म्हणाली. "मला किळस येते."

कुणाची, ते तिने सांगितलं नाही.

तिने भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघितलं. मग हात पँटला पुसले, कॉरिडॉरच्या टोकाला गेली आणि प्रोफेसरबाईंच्या दारावर टकटक केली. आतून आवाज आला. दार उघडलं, बंद झालं.

आधी काहीच ऐकू येईना. मग तिचा आवाज आला, एकेक वाक्य सुटं, मध्ये मोठं अंतर. एरवी ती किती भराभर बोलते. मी पट्टी खाली ठेवली. शेवटचा डाग निघाला होता, पुढचं काम हॉलमध्ये होतं, बादल्या भरून पडल्या होत्या. तरी मी तिथेच उभी राहिले. ऐकायला नाही, शब्द मला कळतच नव्हते. ती बाहेर येईल तेव्हा कॉरिडॉर रिकामा नसावा, म्हणून.